एकच मागणं सहा वर्षं मागणं: विश्वास की हट्ट?

शिवणवाली (नगर)

सर्वांना सलाम.

मी लिहिण्यातली बाई नाही. ब्लाउज-परकर शिवते, मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, तेव्हा चुका पोटात घाला.

माझे वडील २०१८ मध्ये गेले. मिस्टर त्याच्या आधीच वारले होते आणि मी दोन मुलींना घेऊन वडिलांकडेच राहत होते. घर तीन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात नळ आणि शेवगा. वडिलांचं वर्षश्राद्ध आमच्या ख्रिस्ती लोकांत नसतं, पण वर्ष झालं की स्मरणाची उपासना ठेवतात. ती झाली आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या थोरल्या भावानं घराच्या मधोमध चार इंची भिंत घातली. स्वयंपाकघर, नळ आणि शेवगा त्याच्याकडे. पुढच्या दोन खोल्या मला. त्यातल्या एकीत माझं मशीन, दुसरीत स्टोव्ह आणि आम्ही तिघी. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. चर्चमध्ये तो उजवीकडच्या बाकांवर बसतो, मी डावीकडे.

सहा वर्षं मी एकच प्रार्थना करते आहे की प्रभू, त्याला सद्बुद्धी दे. घरी रोज करते आणि बुधवारी महिलांच्या प्रार्थनासभेत सगळ्यांनी प्रार्थना करावी म्हणून पेटीत चिठ्ठीसुद्धा टाकते.

आता आमच्याकडे नवे पाळकसाहेब आलेत, तरुण आहेत. त्यांनी मागच्या महिन्यात उपदेशात सांगितलं की एकदा मागायचं आणि मिळालं म्हणून आभार मानायला लागायचं. तेच तेच पुन्हा मागणं म्हणजे देवानं पहिल्या वेळी ऐकलं नाही असं म्हणणं, तो अविश्वास. शिवाय प्रभू येशूनं ‘व्यर्थ बडबड करू नका’ असं म्हटलंच आहे (बायबल, मत्तय ६). मला ते बोलणं लागलं.

कारण माझी आजी अगदी उलटं सांगायची. तिची आई १९०० च्या दुष्काळात केडगावला मुक्ती मिशनमध्ये आली होती, पंडिता रमाबाईंच्या हाताखाली वाढली. त्या घरातली प्रार्थनेची सवय आजीत उतरली होती. तांदूळ निवडताना तिचे ओठ हलत असायचे. आजोबांची तंबाखू सुटावी म्हणून तिनं एकतीस वर्षं प्रार्थना केली. सुटली नाही. आजोबा गेले तेव्हा उशाखाली चंची होती. मी आजीला विचारलं, मग काय उपयोग झाला? तर म्हणाली, “अगं, एकतीस वर्षं मी त्यांच्याशी भांडले नाही, देवाशीच भांडले.”

मला लूक १८ मधली विधवा फार जवळची वाटते. मीही विधवाच. येशूच्या दाखल्यातली ती बाई एका अन्यायी न्यायाधीशाकडे जाऊन जाऊन न्याय मिळवते. मग मी चुकते कुठे? आणि अजून एक. भिंत पातळ आहे. रात्री आठ वाजता पलीकडे भावाची कौटुंबिक भक्ती चालते, मोठ्यानं, अगदी वडिलांच्या सुरात. हे ऐकलं की वाटतं, देव कोणाचं ऐकत असेल?

---

केळीची बाग (वसई)

ताई, मी कॅथलिक, त्यामुळे आमचं गणित वेगळं आहे. तेच तेच म्हणणं अविश्वास असेल तर आम्ही सगळे कधीच बुडालो! रोजरीत एकाच बैठकीत पन्नास-त्रेपन्न वेळा ‘नमो मारिये’ म्हणतो.

थोडा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. माहीमच्या सेंट मायकेल चर्चची बुधवारची नोव्हेना तुम्हाला ऐकून माहीत असेल. १९४८ पासून चालू आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत होते, मराठीतही. सगळ्या धर्मांचे लोक रांगेत असतात. नऊ बुधवार धरायचे असतात. मला गल्फचा व्हिसा हवा होता. वसईहून निघून अंधेरीला गाडी बदलून नऊ बुधवार गेलो. तिथे जे मागायचं त्याची मेणाची आकृती वाहतात; मेणाचं विमान मिळालं नाही म्हणून मेणाचं घर वाहिलं, म्हटलं पैसा आला की घरही होईलच. दहाव्या बुधवारी व्हिसा नाही. मी चिडून घरी बसलो. करार मोडला ना देवानं!

आई काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी स्वतः गेली, माझ्या व्हिसासाठी नव्हे. काय मागत होती ते तिनं कधी सांगितलं नाही. व्हिसा शेवटपर्यंत आला नाही, मी अजून केळी आणि सोनचाफाच लावतो. पण देवाला बिल पाठवायची माझी सवय त्या वर्षी मोडली.

आमच्याकडे संत मोनिकेचं उदाहरण देतात. मुलगा ऑगस्टीन, पुढे मोठा संत झाला, पण तेव्हा हुशार आणि वाया गेलेला. ती सतरा वर्षं रडत प्रार्थना करत होती. एका बिशपकडे जाऊन ‘तुम्ही त्याला समजवा’ असं इतकं टुमणं लावलं की तो वैतागला आणि म्हणाला, “जा बाई, एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही.” म्हणजे ते प्रसिद्ध वाक्य आशीर्वाद म्हणून नाही, बाईला कटवायला निघालं होतं. मला हे फार आवडतं. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये मुलाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती वारली.

गंमत बघा, मुलानं आफ्रिका सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर समुद्रकाठच्या देवळात प्रार्थना करत बसली होती, आणि तो तिला फसवून जहाजातून निघून गेला. ती प्रार्थना नाकारली गेली. आणि तो इटलीला गेला म्हणूनच बदलला. त्यामुळे मागत राहा, पण ते कसं मिळावं हेही आपणच ठरवायचं म्हटलं तर अवघड आहे.

---

करंजी

ताई, राग मानणार नसाल तर एक विचारते. त्या चिठ्ठीवर तुम्ही नेमकं काय लिहिता? शब्दन् शब्द सांगा.

विचारायचं कारण आहे. मी मराठवाड्यातल्या आमच्या मंडळीत महिला मंडळाची वीस वर्षं चिटणीस होते. पेटीतल्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचे. एकदा वाचली, ‘माझ्या सुनेला स्वयंपाकाची आवड लागावी म्हणून भगिनींनी प्रार्थना करावी.’ सून तिसऱ्या बाकावर, मांडीवर पोर घेऊन. चाळीस बायकांनी डोळे मिटले आणि चाळीसही जणींनी मिटायच्या आधी तिच्याकडे बघून घेतलं. त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या आधी घरी नेऊन वाचायला लागले आणि काही परत द्यायला लागले.

दुसरी गोष्ट. ती विधवा कोर्टात गेली होती, देवळात नाही. हे आपण उपदेशात विसरतो. तुमचा घरात हिस्सा आहे. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी सारखेच. नम्रतेच्या नावाखाली नळ सोडून देऊ नका. सहा वर्षं तुम्ही देवाकडे जाताय ते ठीक, पण वकिलाकडे एकदा तरी गेलात का? की प्रार्थना केली म्हणजे भावासमोर तोंड उघडायचं राहून जातं, ते सोयीचं पडतंय?

फटकळ आहे मी. माफ करा.

---

शिवणवाली (नगर)

करंजीताई, तुमचं वाचून दोन दिवस मशीनवर बसले नाही.

चिठ्ठीवर असं असतं: ‘माझ्या मोठ्या भावाने वडिलांच्या घरात भिंत घालून विधवा बहिणीला पाण्यावाचून ठेवले आहे. प्रभूने त्याला सद्बुद्धी द्यावी.’ सहा वर्षं. आमची वहिनी त्या सभेला यायची बंद झाली त्याला पाच वर्षं झाली. मला वाटायचं, तिला तोंड दाखवायला लाज वाटते. तसं ते खरंही होतं. पण लाज वाटावी म्हणूनच मी लिहीत होते का, हे स्वतःला विचारलं नव्हतं.

वकिलाकडे गेले नाही. भावाशीही भिंतीबद्दल एक शब्द बोलले नाही. पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. वर लिहिलं की रात्री आठला त्याची भक्ती ऐकू येते. तेवढंच लिहिलं. खरं असं की तो ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करतो आणि मी मशीन सुरू करते. आमचं उषाचं जुनं पायमशीन आहे, खडखड मोठी होते. शिवायला काही नसलं तरी चिंधी घेऊन चालवते. मुलींना ठाऊक आहे, त्या हसतात.

---

निवृत्त मास्तर

शिवणवालीताई, एवढं खरं लिहायला धैर्य लागतं. मी शाळामास्तर, पुढे हौसेनं थोडं ग्रीक शिकलो, तेवढ्याच अधिकारानं लिहितो.

पाळकसाहेबांचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो टिकत नाही. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू तीनदा एकच प्रार्थना करतो. मत्तयानं (२६:४४) स्पष्ट लिहिलंय की तिसऱ्या वेळी तेच शब्द होते. प्रेषित पौल शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती करतो. पुत्रानं तीनदा मागितलं, प्रेषितानं तीनदा मागितलं, आणि तो अविश्वास म्हणायचा असेल तर विश्वास कोणाकडे शोधायचा? ‘व्यर्थ बडबड’ ही शब्दांच्या ढिगाऱ्यानं देवाला वळवता येतं या समजुतीबद्दल आहे. लगेच पुढचं वचन बघा, तुमचा पिता तुम्ही मागण्याआधीच जाणतो.

पण गेथशेमानेतला एक बारकावा बघण्यासारखा आहे. पहिल्यांदा ‘शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो’. दुसऱ्यांदा (२६:४२) वाक्य सरकलेलं आहे. हा प्याला मी प्यायल्याशिवाय टळून जाणं शक्य नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागणं सोडलेलं नाही, पण मागणारा एक पाऊल पुढे गेलाय. सहा वर्षांत तुमच्या चिठ्ठीतला एकही शब्द हलला नाही, हे मला पाळकसाहेबांच्या आक्षेपापेक्षा विचार करण्यासारखं वाटतं.

आता विधवा. आपल्या मराठी भाषांतरात हे दाखले फार सभ्य होतात. लूक ११ मध्ये मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र ‘आग्रहामुळे’ भाकरी मिळवतो असं आपण वाचतो. मूळ शब्द निर्लज्जपणाच्या जवळचा आहे. लूक १८ मधला न्यायाधीश ‘ही मला रंजीस आणील’ अशा अर्थाचं बोलतो, त्या जागी ग्रीकमध्ये मुष्टियोद्ध्यांचा शब्द आहे, डोळ्याखाली ठोसा मारण्याचा. म्हणजे बाई शांत, गरीब गाय नाही. आणि देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं प्रभू म्हणत नाही. असल्या माणसालाही द्यावं लागलं, तर पिता किती अधिक देईल, असा तो हिशेब आहे.

हा दाखला संपतो तिथेच, त्याच अध्यायात, लगेच मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला येतो, परुशी म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक यहुदी, आणि लोक पापी समजायचे तो जकातदार. लूकनं हे दोन दाखले शेजारी का ठेवले असतील? मी वर्गात मुलांना विचारायचो, परुशाच्या प्रार्थनेत चूक काय? मुलं म्हणायची, तो बढाई मारतो. बरोबर. पण आठवड्यातून दोनदा उपास, दशमांश, हे सगळं तो खरोखर करत होता. मला वर्षानुवर्षं खटकत आलेली गोष्ट वेगळी आहे. त्याच्या प्रार्थनेत दुसरा माणूस आहे. ‘ह्या जकातदारासारखाही मी नाही.’ बोट दाखवून. जकातदाराच्या प्रार्थनेत परुशी नाही. ‘मज पाप्यावर दया कर’, संपलं. तिथे दोघंच आहेत, तो आणि देव.

आपण सगळे विधवेचा दाखला वाचताना विधवा होतो आणि जकातदाराचा वाचताना जकातदार. मीही होतो. एकदा बायकोनं विचारलं, “मग परुशाच्या जागी कोण बसतं हो चर्चमध्ये?” उत्तर सुचलं नाही.

तुमच्या पणजीचा उल्लेख केलात म्हणून आठवलं. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत रोज प्रार्थनेला जमणाऱ्या मुलींचा गट सुरू केला. सत्तरेक मुली होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं ते त्यानंतर. पण मागणं काय होतं ते बघा. हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, ‘आपण स्वतः धरून’. ज्या बाईनं तोपर्यंत उभं आयुष्य त्यात घातलं होतं तिनं ते तीन शब्द जोडले.

---

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, आळंदीजवळचा आहे, धागा आवडला म्हणून डोकावलो. आमच्याकडे जनाबाई विठोबाला सरळ शिव्या घालते आणि तीच त्याच्या पायाशीही असते. हट्ट आणि लीनता वेगळी काढता येते असं आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. लेकरू आईच्या पदराला लोंबकळतं तेव्हा त्याला उद्धट म्हणतात का? पदर दुसरा असता तर तिकडे गेलं असतं.

मास्तर, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, ते खरं ना?

---

निवृत्त मास्तर

खरं आहे. आणि ‘पदर दुसरा असता तर’ हे तुम्ही माझ्या सगळ्या ग्रीकपेक्षा नेमकं बोललात. मत्तय १५ मधली कनानी, म्हणजे परजातीची, बाई तशीच, आजारी मुलीसाठी मागायला आलेली. आधी प्रभू एक शब्द बोलत नाही. मग शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. मग प्रभूचं ‘मला इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलंय’. मग मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकू नये, हे. तिनं त्या शब्दावरून भांडण काढलं नाही आणि पाठही फिरवली नाही. कुत्री तर कुत्री, चुरा तर पडतोच की खाली, म्हणाली. अपमान गिळला आणि मागणं तेवढंच ठेवलं. मुलगी बरी झाली.

---

करंजी

मास्तर, सुंदर. पण ताईंनी हे वाचून ‘मी कुत्री, मला चुरा पुरे’ म्हणत नळ सोडू नये! कनानी बाईनं मुलीसाठी अपमान गिळला, हिस्सा सोडायला नाही. ताई, तालुक्याच्या कोर्टाजवळ विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. आधी भावाशी बोला, नाहीच ऐकलं तर तिथे जा. चिठ्ठी मात्र बंद.

---

शिवणवाली (नगर)

तीन आठवड्यांनी लिहितेय. लग्नसराई होती, रात्री एक-एक वाजेपर्यंत काज-बटण.

दोन बुधवार चिठ्ठी टाकली नाही. तिसऱ्या बुधवारी लिहायला बसले, कारण सवय. ‘माझ्या भावाला’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. खोडलं. ‘मला’ लिहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. ‘मला’ एवढीच चिठ्ठी घडी करून ब्लाउजच्या मापाच्या वहीत ठेवली, पेटीत नाही टाकली. अजून तिथेच आहे, वहिनीच्या जुन्या मापाच्या पानात. ते मुद्दाम नव्हतं, वही तिथे उघडली.

करंजीताई, समितीच्या कार्यालयाची चौकशी केली. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता या म्हणाले. अजून गेले नाही, पण वडिलांच्या घराची कागदपत्रं पेटीतून काढून एका पिशवीत घातलीत. आधी भावाशी बोलायचं ठरवलंय. काय बोलायचं ते रोज शिवताना मनात घोकते. सुरुवात ‘दादा’ अशी करायची एवढं नक्की झालंय. पुढचं रोज बदलतं. मास्तर, वाक्य सरकतं म्हणालात ते हेच का?

परवा रात्री आठला तो सुरू झाला आणि माझा पाय आपोआप मशीनवर गेला. धाकटी बघत होती. मी पाय काढून घेतला. बसून राहिले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ संपलं, मग त्यानं एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना केली, वडील करायचे तशीच, आधी थोरली माणसं, मग लेकरं. माझं नाव आलं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं.

पुढे काय म्हणाला ते ऐकू आलं, पण इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा चिठ्ठी पेटीत टाकल्यासारखंच व्हायचं.